आधी पत्रा, मग कागद, इंजिन शेवटी : जुन्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या पण खिशाला झेपणाऱ्या गाड्यांबद्दल या वेळी आलेली बहुतेक पत्रं नागपूर आणि आसपासची आहेत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पत्रात ऊन आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : बजेट दोन लाख, दुरुस्ती धरून. रविवारी रामटेक-खिंडसी, कधी पेंच, एवढाच वापर. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक कामठीची १९९४ ची पद्मिनी : नवा पांढरा रंग, इंजिन नुकतंच बांधलेलं, मागणी १ लाख ६० हजार. दुसरी वाडीची १९८८ ची पेट्रोल अँबेसेडर : रंग उडालेला, सायलेन्सरमधून निळा धूर, पण खालून कोरडी दिसते, मागणी ९० हजार. घरचे म्हणतात, धूर मारणारी गाडी कोण घेतं बापा! (मानेवाडा)

उत्तर : अँबेसेडर घ्या. घरच्यांचा आक्षेप समजतो, पण या दोन गाड्यांमध्ये धूर हाच सगळ्यात स्वस्त दोष आहे. तिचं १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) इंजिन पिढ्यान्‌पिढ्या मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. बोअर मारणं, २० किंवा ४० थाऊचे (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज पिस्टन-रिंग, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह गाइड हे सगळं काम आजही होतं आणि त्याचा खर्च आधी सांगता येतो. पत्र्याचं तसं नाही. डेंटर एक जागा कापायला बसतो आणि कुजलेल्या तीन निघतात. बॉडीच्या कामाचा अंदाज कितीही घ्या, तो दुप्पट धरूनच चाला.

धूरही नीट वाचा. गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून येऊ द्या आणि खाली आल्यावर पाय दाबा. त्या क्षणी निळा भपकारा निघून मग धूर थांबला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. हेड उतरवून काम भागतं. चढावर, जोर लागताना सतत निळा धूर असेल तर रिंग गेल्या. खात्रीसाठी कॉम्प्रेशन गेज लावा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. आकडा किती येतो त्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक बघा. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर चालत्या गाडीत ५० पीएसआयच्या आसपास आणि आयडलिंगला १५ च्या वर असेल, तर क्रँकला हात लावायची घाई नको.

आता कामठीची पद्मिनी. विकायच्या आधी कोणी हौसेने नवा रंग मारत नाही. लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळा आणि गाडीभर फिरवा : हेडलाइटच्या खालचा मडगार्ड, दरवाज्यांचे तळ, दाराखालची पट्टी, मागच्या चाकाची कमान. जिथे चुंबक सुटतो तिथे खाली पुट्टी आहे. मग गालिचा उचला. पायाखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला पाहिजे, भाजलेल्या पापडासारखा नको. बॅटरीखालचा ट्रे, डिकीत स्टेपनीची जागा आणि जॅक लावायच्या जागा यांत टोक टोचून बघा. शेवटची परीक्षा अशी : एका बाजूला जॅक लावून पुढचं चाक उचला आणि त्याच बाजूचे दोन्ही दरवाजे उघड-बंद करा. दार घासायला लागलं किंवा फट बदलली, तर बॉडी वाकते आहे. पद्मिनी मोनोकॉक आहे, म्हणजे पत्रा हाच तिचा सांगाडा. अँबेसेडरला मात्र वेगळी चेसिस असते, असं चौकाचौकात छातीठोक सांगणारे भेटतील. तिलाही नसते. म्हणून हीच परीक्षा तिचीही घ्या.

नागपूरच्या गाडीचा एक फायदा आहे. इथली हवा वर्षातले आठ महिने कोरडी, त्यामुळे मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीपेक्षा इथला पत्रा जास्त टिकतो. उन्हाने रंग, रबर आणि डॅशबोर्ड जातो, पण या तिन्ही गोष्टी बदलता येतात. तुमच्या अँबेसेडरचा उडालेला रंग म्हणूनच आम्हाला आवडला : खाली काय आहे ते दिसतं तरी!

पैसे देण्याआधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः आरसीशी जुळवा. कागद लावून पेन्सिलीने छाप घ्या, फोटोवर भागवू नका. अँबेसेडरचं इंजिन मध्ये कधीतरी बदललेलं असणं नवलाचं नाही, पण तो बदल आरसीवर चढलेला हवा. चढलेला नसेल तर आधी विकणाऱ्याने चढवून द्यावा, मग सौदा. ९० हजार गाडीला गेले की उरलेल्यात इंजिन, ब्रेक, टायर आणि वायरिंग होतं. रंग पुढच्या वर्षी.

याच तोंडाने आणखी एक सांगून ठेवतो. जुनी गाडी कधीच सांभाळली नसेल, घरी हत्यारं नसतील आणि मिस्त्रीही ओळखीचा नसेल, तर तुमच्यासाठी खरी पहिली क्लासिक मारुती ८०० आहे. लोक तिला अजून जुनी गाडी म्हणायला तयार नाहीत, म्हणून ती स्वस्त आहे. १९८६ नंतरच्या आकाराची, कार्ब्युरेटरवाली, एका घरात राहिलेली आणि छेडछाड न झालेली शोधा. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि सुटे भाग जवळजवळ प्रत्येक गल्लीत. बघायचं ते पुढच्या पायाखालचा पत्रा, सस्पेन्शनच्या स्ट्रटची वरची जागा आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला ते. उत्तर "माहीत नाही" आलं, तर गाडी घरी आणताच बेल्ट बदला.

प्रश्न : पद्मिनी १९८७ ची. मे महिन्यात व्हरायटी चौकात सिग्नलला थांबली की बंद पडून राहिली आहे. अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू होते. बोनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवलं की लगेच सुरू होते. एका गॅरेजने कार्ब्युरेटर बदलला, दुसऱ्याने कॉइल. फरक शून्य. (गणेशपेठ)

उत्तर : तुमच्या ओल्या फडक्यानेच निदान केलं आहे. पेट्रोल पंप गार झाल्यावर गाडी सुरू होते, म्हणजे पंपात पेट्रोलची वाफ होते आहे. पेट्रोलमधले हलके घटक चाळिशीच्या आसपासच उकळायला लागतात, आणि पंप पेट्रोल ओढताना आत दाब कमी होतो, तेव्हा त्याहूनही लवकर. पद्मिनीचा पंप सरळ ब्लॉकला बोल्ट केलेला आहे. चालत्या गाडीत वारा लागतो आणि टाकीतून गार पेट्रोल येत राहतं. सिग्नलला दोन्ही थांबतं, ब्लॉकची उष्णता पंपात चढते आणि पंपातला पडदा, म्हणजे डायफ्राम, पेट्रोलऐवजी वाफच दाबत बसतो. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. अशा हवेत बोनेटखाली काय होत असेल, त्याचा विचार करा.

तरीही एकदा खात्री करून घ्या, कारण कंडेन्सर आणि कॉइलही तापल्यावर दगा देतात. गाडी बंद पडल्याबरोबर एका प्लगची वायर काढून तिचं टोक ब्लॉकपासून सहा-सात मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारायला सांगा. जाड निळी ठिणगी आली तर इग्निशन ठीक. ती पिवळट, बारीक असेल तर डेल्को (डिस्ट्रिब्यूटर) उघडून पॉइंट बघा. पॉइंट करपलेले, खड्डे पडलेले असतील तर कंडेन्सर बदला. पेट्रोलची तपासणी नंतर, आणि ती करताना कॉइलची मुख्य वायर काढून ठेवा, ठिणगी नको. कार्ब्युरेटरचा पाइप सोडून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने नीट आलं तर पंप ठीक, फुगे-फुगे आले तर वाफ. याच वेळी टाकीचं झाकण उघडून ऐका. "सूं" करून हवा आत गेली, तर झाकणाचं भोक बुजलंय आणि टाकीत निर्वात होतो आहे. दोन मिनिटांचं काम, पण याच्यापायी लोकांनी पंप बदललेले आहेत.

उपाय स्वस्तापासून सुरू करा. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बेकलाइटचं जाड पॅकिंग असतं. इंजिन बांधताना अनेकदा ते फेकून साधी कागदी गॅस्केट लावतात आणि तिथेच उष्णतेला वाट मिळते. पॅकिंग मूळ जाडीचंच लावा, कारण पंपाचा स्ट्रोक त्या जाडीवर ठरतो. जास्त जाड लावलंत तर पंप पूर्ण दाबच देणार नाही. मग पाइप. धातूचा पाइप एक्झॉस्टच्या जवळून जात असेल तर दूर वळवा, आणि एक्झॉस्ट व पंप यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा दोन बोल्टवर उभा करा, दोन्हीकडे बोटभर हवा ठेवून. बहुतेक गाड्या एवढ्यावर शांत होतात.

नाहीच झाल्या तर इलेक्ट्रिक पंप. तो टाकीजवळ, टाकीच्या पातळीच्या खाली बसवा. हा पंप पेट्रोल ढकलतो चांगलं, ओढतो वाईट, म्हणून बोनेटखाली बसवून उपयोग नाही. दाब २.५ ते ३.५ पीएसआय. त्याहून जास्त दाबाचा घेतलात तर कार्ब्युरेटरची सुई दबून पेट्रोल ओसंडतं, आणि गरम इंजिनावर ओसंडलेलं पेट्रोल म्हणजे काय ते सांगायला नको. वायर फ्यूजमधून घ्या आणि रिले ऑइल प्रेशर स्विचशी जोडा, म्हणजे अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडेल. हा रिले टाळणारे गॅरेजवाले पुष्कळ आहेत. त्यांना टाळा.

मुळात गाडी जास्तच गरम होते का, हेही पाहायला हवं. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. एकदा जोरात तापली की ते वाकतं आणि गॅस्केट फुंकतं. अँबेसेडरचं बिडाचं हेड असं सहज वाकत नाही. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलं असेल तर आत क्षार साचलेत, रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. त्यानंतर डिस्टिल्ड पाण्यात ३० ते ३५ टक्के कूलंट पुरे. निम्मं-निम्मं प्रमाण थंडीत गोठणाऱ्या प्रदेशांसाठी आहे; आपल्याला गोठण्याची भीती नाही, आणि साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं. कूलंट अजिबात न घालणं मात्र नको, आतून गंज चढतो. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने दाबला तर दहा-बारा मिलिमीटर दबावा. आणि इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलेलं असेल तर इंजिन उगाच तापतं. रेडिएटर दोनदा बदलूनही गुण न आलेल्या गाड्यांमध्ये हा दोष निघतो.

नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस दुपारी बारा ते पाच गाडी न काढणं, हाही एक उपाय आहे. त्याला खर्च नाही.

प्रश्न : वडिलांची पद्मिनी मार्च १९७४ ची, आरसी त्यांच्याच नावावर. ते २०२१ मध्ये गेले. नोंदणीची मुदत २०१९ मध्येच संपली. आम्ही दोघं भाऊ, एक बहीण. पन्नास वर्षं झाली म्हणून आता "व्हिंटेज" करून नवा व्हीए नंबर घ्यावा, असं एजंट सांगून राहिला आहे. (प्रतापनगर)

उत्तर : एजंटचं थांबवा. तुमच्या कामाच्या पायऱ्या दोन आहेत, आणि व्हीए नंबर त्यात कुठेच येत नाही.

पहिली पायरी, गाडी तुमच्या नावावर करणं. मालकाच्या मृत्यूनंतरचा अर्ज म्हणजे फॉर्म ३१. सोबत मृत्यू दाखला, वारसांचा पुरावा, आणि भाऊ-बहिणीचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. नियमाप्रमाणे हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. तुम्हाला उशीर झालाच आहे, तो आणखी वाढवू नका. दुसरी पायरी, नोंदणीचं नूतनीकरण : फॉर्म २५ आणि प्रत्यक्ष गाडी तपासणी. पास झाली की पाच वर्षं. २०२२ पासून खासगी कारची ही फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केली गेली. उशिराचं शुल्क नियमात महिन्याला ५०० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. हिशेब आधी मांडून घ्या, म्हणजे खिडकीवर धक्का बसणार नाही.

आरसी पुस्तकाच्या काळातली असेल, तर ती परिवहन खात्याच्या "वाहन" या ऑनलाइन प्रणालीत दिसते का ते घरीच तपासा. दिसत नसेल तर आधी जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. तोपर्यंत कुठलाच ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. आरसी एमएच-३१ ची असो, एमएच-४९ ची किंवा ग्रामीणच्या एमएच-४० ची, ज्या कार्यालयाची नोंद त्याच कार्यालयात विचारा.

आता व्हिंटेज. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमात पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपातली दुचाकी आणि चारचाकी बसते. पण आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. व्हीए मालिका नव्याने नोंदवायच्या गाड्यांसाठी आहे, आणि त्या नोंदणीची फी २०,००० आहे. शिवाय व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. तुम्हाला रविवारी मुलांना घेऊन फुटाळ्यावर जायचं असेल, तर साधी नोंदणीच बरी. वडिलांचा जुना तीन अक्षरी नंबर हीच या गाडीची खरी शोभा आहे, ती एजंटच्या हाती देऊ नका.

तपासणीला नेण्याआधी पीयूसीची तयारी ठेवा. या काळातल्या पेट्रोल गाडीला आयडलिंगला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) १५०० पीपीएम एवढी सूट आहे. एअर फिल्टर नवा, प्लग साफ, पॉइंटचा गॅप बरोबर आणि मिक्श्चर स्क्रू नीट लावलेला असेल तर पद्मिनी आरामात पास होते. मशीनजवळ नेताना इंजिन पूर्ण गरम हवं आणि चोक आत ढकललेला. चोक अर्धा ओढलेला राहिल्यामुळे नापास झालेल्या गाड्या कमी नाहीत.

प्रश्न : वर्षभरात पंपाचा डायफ्राम दोनदा गेला, रबरी पाइप बोटाने दाबला तर चिकट लागतो. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे का? (काटोल)

उत्तर : हो, बहुतेक त्यामुळेच. इथेनॉल जुन्या पद्धतीचं नायट्राइल रबर फुगवतं आणि मऊ करतं. पाइपवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघून घ्या, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत रबराचा एकूण एक तुकडा बदला आणि क्लिपही नव्या घाला. डायफ्राम घेताना इथेनॉलला टिकणारा मागा. जुन्या दुकानात वीस वर्षं पडून असलेला "ओरिजनल" डायफ्राम दिसायला सुंदर असतो, टिकायला नाही.

दुसरी गोष्ट, इथेनॉल टाकीच्या तळाची जुनी राळ सोडवून आणतं. टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावा आणि सुरुवातीला दर महिन्याला बघत जा. तो तपकिरी झाला तर टाकी उतरवून धुवावी लागेल.

तिसरी गोष्ट मिक्श्चरची. इथेनॉलमध्ये आधीच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. चढावर धक्के, कार्ब्युरेटरमधून फटाका, आणि प्लग पांढरा पडलेला, ही खूण. मेन जेट एक पायरी मोठा घ्या, ११५ असेल तर १२०, आणि पंधरा किलोमीटर चालवून प्लग बघा. बिस्किटाच्या रंगाचा झाला की थांबा. मायलेज सहा-सात टक्क्यांनी पडेल. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच असते, त्याला मिस्त्री काही करू शकत नाही.

प्रश्न : अँबेसेडरचं स्टिअरिंग साठच्या पुढे थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा केलं. (हिंगणा)

उत्तर : पुढची बाजू जॅकवर घ्या. चाक वर आणि खाली, बारा-सहावर धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. मग नऊ-तीनवर धरा. तिथला खेळ टायरॉड एंड किंवा रॅकचा. किंगपिन झिजायचं मुख्य कारण एकच : ग्रीस मारताना चाकं जमिनीवर असतात, म्हणून वजन पडलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही. चाक उचलून, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवत, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. दर दीड हजार किलोमीटरला.

टायर हातानेही चाचपा, आणि त्यावरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, नागपूरच्या उन्हात इतकी वर्षं उभा राहिलेला टायर आतून सुटलेला असतो, आणि असा टायर कितीही बॅलन्स केला तरी थरथरणारच.

प्रश्न : पद्मिनीने समृद्धीवरून शिर्डीला जावं का? (धरमपेठ)

उत्तर : नको. तिथे कारला १२० ची मुभा आहे आणि तुमची गाडी सत्तर-ऐंशीला खूश असते. मागून येणाऱ्याला तुम्ही उभेच दिसाल. चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेही एकाच सर्किटचे. एक व्हील सिलिंडर गळला की चारही गेले. जुन्या अमरावती रोडने कोंढाळी, तळेगाव करत जा. हवं तिथे थांबता येतं, सावली मिळते, चहा मिळतो, आणि इंजिनालाही तेच मानवतं.

प्रश्न : गुंतवणूक म्हणून कोणती जुनी गाडी घ्यावी? काँटेसा, झेन, जिप्सी? (सिव्हिल लाइन्स)

उत्तर : गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर यातली एकही नको. विमा, नूतनीकरण, बॅटरी, टायर, शेडचं भाडं मांडून बघा, फायदा त्यातच विरघळतो. आवडते म्हणून घेणार असाल तर १९९३ नंतरची कार्ब्युरेटरवाली झेन घ्या : ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन फिरायला उत्सुक, आणि गाडी लहान असल्यामुळे आपल्या गल्ल्यांत मजा येते. काँटेसाचं इसुझूचं १.८ इंजिन दमदार, पण दिवे, काचा, रबराच्या पट्ट्या आणि आतली ट्रिम शोधता शोधता वर्ष जातं. जिप्सीची मागणी इतकी आहे की तिला आता स्वस्त म्हणता येत नाही, आणि भाव वाढल्यापासून दोन जिप्सींतून एक जोडलेल्या गाड्याही बाजारात दिसतात. चेसिस नंबरच्या आसपासचं वेल्डिंग नीट बघा.

प्रश्न : नोकरीसाठी पुण्याला जातोय, गाडी नागपुरात चार महिने टिनाच्या शेडखाली उभी राहील. भावाला दर रविवारी पाच मिनिटं सुरू करायला सांगू का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : पाच मिनिटं सुरू करण्यापेक्षा न केलेलं बरं. थंड इंजिन पाच मिनिटं चालवलं की ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि बॅटरीतून गेलेलं परत भरतही नाही. भाऊ अर्धा तास फिरवून आणणार असेल तरच चावी द्या.

नसेल तर जाण्याआधी ऑइल बदला, २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५०. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. ई-२० चार महिने टाकीत ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं. टाकी आणि कार्ब्युरेटरचा बाउल रिकामा करा. बॅटरी काढून घरात ठेवा, पूर्ण भरलेली १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ वर आली की चार्ज करा. हँडब्रेक सोडा, चाकांना विटा लावा, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतात. टायरमध्ये पाच-सहा पीएसआय जास्त हवा. क्लचचं पेडल लाकडाच्या फळीने दाबून अडकवा, म्हणजे पावसाळ्यात प्लेट फ्लायव्हीलला चिकटणार नाही. सायलेन्सरच्या तोंडात आणि एअर फिल्टरच्या नळीत कापडाचा बोळा कोंबा, उंदरांना तीच घरं आवडतात. बोळ्याला लाल चिंधी बांधा आणि स्टिअरिंगवरही एक बांधा, म्हणजे परत आल्यावर विसरणार नाही.

परत आल्यावर लगेच सेल्फ मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, मग पुढून हँडल घालून दहा-बारा फेरे हाताने. प्लग न लावताच सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझेपर्यंत फिरवा. त्यानंतर प्लग, ताजं पेट्रोल, आणि गेटबाहेर काढण्याआधी ब्रेकवर तीस सेकंद पाय दाबून ठेवा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत. गाडी तिथेच उभी ठेवून मिस्त्रीला घरी बोलवा.